मागं गाडीची खिडकी

(दृश्य: ओसरीवर बसलेली माय. कॅमेरा फक्त हातांवर. हातात मोबाइल.)

औसा तालुक्यातलं एक गाव. किल्लारीच्या भूकंपानंतर नव्या जागेवर वसवलेलं. सरळ रस्ते, एकसारखी घरं. गावाचं नाव आम्ही सांगणार नाही. या घरातला मुलगा अमेरिकेत आहे आणि त्याची फाईल अजून चालू आहे.

भूकंपाचं माय न अडखळता सांगते. ३० सप्टेंबर १९९३. पहाटेचे चार वाजायला आलेले. आदल्या दिवशी गणपती बोळवलेले. मुलगा तीन वर्षांचा होता, माळवदाच्या मातीतून त्याला पायाला धरून ओढून काढलं. कोण कुठं सापडलं, कुणाचा आवाज किती वेळ येत होता, सगळं तिला पाठ आहे. मुलाच्या संसाराचं विचारलं, की मात्र ती पदराचं टोक बोटाला गुंडाळत बसते.

बऱ्याच वेळानं म्हणाली, "सून हात उचलायची त्याच्यावर." आणि लगेच, "हे नका लिवू."

दोन दिवसांनी तिनंच फोन केला. "लिवा. पण गावाचं नाव नको."

(दृश्य: भिंतीवर पदवीदान समारंभाचा फोटो. चेहऱ्यावर फोकस नाही.)

नांदेडला इंजिनिअरिंग, मग एम. एस. करायला टेक्सास. त्यासाठी दोन एकर वावर गहाण पडलं. तिथंच नोकरी लागली, तिथंच लग्न झालं. मुलगी मराठीच, पण जन्मानं अमेरिकन नागरिक. गावात पेढे वाटले गेले.

अशा लग्नात ग्रीन कार्डाचा, म्हणजे तिथं कायम राहायच्या परवान्याचा, अर्ज नवरा स्वतः करत नाही. नागरिक असलेली बायको त्याच्यासाठी करते, आणि वाटलं तर मधेच मागं घेऊ शकते. कागदावरची एवढीशी गोष्ट. पण भांडण कशावरूनही सुरू होवो, भाजीतल्या मिठावरून किंवा गावाकडं पाठवलेल्या पैशांवरून, शेवट एकाच वाक्यावर व्हायचा. "फाईल मागं घेते, मग जा सोयाबीन काढायला."

पासपोर्ट तिच्या कपाटात. पगाराचं खातं तिच्या मोबाइलवर. त्याच्या उजव्या हातावर मनगटापासून चार बोटं वर एक आडवा डाग आहे, तापलेल्या उलथन्याचा. ऑफिसात त्यानं सांगितलं, कुकरची वाफ लागली. दुसऱ्यांदाही कुकरचीच लागली.

दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "घरी सुरक्षित वाटतं का?" त्याला वाटलं, चोऱ्यामाऱ्यांबद्दल विचारतात. म्हणाला, हो, आमची कॉलनी चांगली आहे. बाईंनी तोच प्रश्न पुन्हा विचारला, या वेळी डागाकडं बघत.

तिथं त्याला पहिल्यांदा कळलं, की असा एक कायदा आहे.

(दृश्य: लॅपटॉपवर उघडलेला कोरा फॉर्म.)

१९९४ साली अमेरिकेत झालेल्या या कायद्याच्या नावातच बाई आहे, 'व्हायोलन्स अगेन्स्ट विमेन अ‍ॅक्ट'. वकील मंडळी त्याला 'वावा' म्हणतात. नाव ऐकून पुरुष माघारी फिरतात, हाही फिरला होता. पण इमिग्रेशनच्या कलमात शब्द आहे 'स्पाउस'. जोडीदार. नवरा असो की बायको. मारहाण किंवा टोकाचा छळ करणारा जोडीदार अमेरिकन नागरिक किंवा ग्रीन कार्डधारक असेल, तर पीडिताला त्याच्या सहीवाचून स्वतःचा अर्ज स्वतः करता येतो. फॉर्म आय-३६०. या कारणासाठी भरला तर त्याला फी नाही. लग्न खरं होतं, दोघं एकत्र राहिले, छळ झाला आणि अर्जदाराची वागणूक चांगली आहे, एवढं दाखवावं लागतं. पोलीस तक्रार असलीच पाहिजे असं नाही. घटस्फोट झाला असेल, तरी त्याचा छळाशी संबंध दाखवता आला तर दोन वर्षांच्या आत अर्ज चालतो. आणि ज्यानं छळलं, त्याला इमिग्रेशन खात्यानं या अर्जाची माहिती द्यायची नाही, असं कायदाच सांगतो.

आपल्याकडच्या पुष्कळ पोरांना मात्र ही वाट बंद आहे. बायको एच-१बी या नोकरीच्या व्हिसावर, नवरा एच-४ या जोडीदाराच्या व्हिसावर घरी, अशी जोडपी आता कमी नाहीत. ती बायको नागरिकही नाही आणि कार्डधारकही नाही, म्हणून वावा लागत नाही. फार तर छळाच्या कारणावरून कामाचा परवाना मागता येतो. किंवा गुन्हा नोंदवून, पोलिसांना तपासात मदत करून यू व्हिसा, म्हणजे गुन्ह्याला बळी पडलेल्यांसाठीचा व्हिसा. ते वर्षाला दहा हजारच मिळतात आणि रांग लांबलचक.

(दृश्य: रात्र. खिडकीतून दिसणारा पार्किंगचा दिवा. मुलाचा आवाज, बदललेला.)

अर्जात सगळ्यात जड कागद म्हणजे स्वतःचं निवेदन. काय काय झालं, ते आपल्या शब्दांत लिहायचं. त्यानं पहिल्यांदा सहा ओळी लिहिल्या. आमचं पटत नव्हतं, ती रागीट होती, मी समजून घेतलं, वगैरे. वकीलबाईंनी कागद परत केला. कोणता दिवस होता? कोणती खोली? ती काय म्हणाली? तुम्ही कुठं उभे होता? मग काय केलं?

"मग काय केलं, याला उत्तरच नव्हतं," तो सांगतो. "मी भांडी घासली, असं कसं लिहू?"

तेच लिहा, वकीलबाई म्हणाल्या.

इंग्रजीत त्याला ते जमेना. शेवटी त्यानं मोबाइलवर मराठीतून रेकॉर्ड केलं, गाडीत बसून, तीन रात्री. मग बसून त्याचं इंग्रजी केलं. चौदा पानं झाली.

बायकोचे व्हॉइस मेसेजही पुराव्याला लावायचे होते. परभाषेतला पुरावा पूर्ण भाषांतरासह द्यावा लागतो आणि भाषांतर करणाऱ्यानं बरोबर असल्याचं लिहून द्यावं लागतं. हे काम एका मित्रानं केलं. तो अडला एका शब्दावर. बायल्या. बारा मेसेजांत नऊ वेळा. इंग्रजीत काय लिहायचं? भित्रा म्हणावं तर पुरत नाही, नामर्द म्हणावं तर थोडं वेगळंच होतं. मित्रानं शेवटी शब्द तसाच ठेवला आणि खाली चार ओळींत अर्थ समजावून दिला.

तो शब्द बायकोच्या तोंडचा म्हणून फाईलला लागला. पण बायको मारते असं चावडीवर सांगितलं असतं, तर गावानंही त्याला हाच शब्द दिला असता. घरात चुलत्यांना सुगावा लागला तेव्हा ते म्हणाले होते, "भांड्याला भांडं लागतंच. आन् बाईच्या हाताला जोर असतोच किती?"

इथं तो असता, तर घरातल्या छळाच्या कायद्यातही त्याला जागा नव्हती. आपला कौटुंबिक हिंसाचाराचा कायदा २००५ चा. त्यात पीडित व्यक्ती म्हणजे स्त्री, अशी व्याख्याच आहे. ती तशी का आहे, हे मराठवाड्यात राहणाऱ्याला वेगळं सांगायला नको. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत लग्न झालेल्या दहातल्या जवळपास तिघींनी नवऱ्याचा मार किंवा जबरदस्ती सोसल्याचं सांगितलं. या पोराची गोष्ट पुढे करून त्या बायकांना खोटं ठरवणारे पुष्कळ भेटतील. आमची फिल्म त्यांच्या कामाची नाही.

(दृश्य: शाळेचे मास्तर टेबलाशी लिहितात. समोर माय.)

फाईलला मायचंही पत्र आहे. ती चौथी शिकलेली. मास्तरांनी लिहून घेतलं, सही तिची. सुनेबद्दल वाईट लिहायला तिनं नकार दिला. "मी तिथं नव्हते. जे बघितलं तेवढंच सांगते."

तिनं बघितलं ते असं. मुलगा व्हिडिओ कॉल करायचा, तेव्हा इथं दुपारचे साडेबारा वाजलेले असायचे. मागं गाडीची खिडकी दिसायची. म्हणायचा, ऑफिसला निघालोय. एकदा नातवंडाच्या, म्हणजे लेकीच्या पोराच्या, अभ्यासात अमेरिकेची वेळ आली. तिनं सहज विचारलं, आत्ता मामाकडं किती वाजले? पोरगं म्हणालं, रात्रीचे दोन.

"दोन वाजता कुणाचं ऑफिस असतंय?" माय म्हणाली. "त्या दिवसापासून मी फोन ठेवायचीच नाही. तो झोपेपर्यंत बोलत बसायची. गाडीत झोपायचा ना."

हे सगळं पत्रात आहे, तारखांसकट. तारखा कॉलच्या यादीत होत्याच.

अर्ज जाऊन बरेच महिने झालेत. अशा अर्जांचा निकाल वर्षांत मोजायचा असतो. दरम्यान त्यानं एक खोली भाड्यानं घेतली आहे.

(दृश्य: साडेबारा. मोबाइल वाजतो. पडद्यावर मागं पांढरी भिंत.)

"जेवलास का?"

"जेवलो, माय. पिठलं केलं होतं."

"कडी लावली का दाराला?"

"लावली."

"दाखव."

तो उठतो. फोन हलतो, भिंत सरकते, दार येतं. माय डोळ्यांजवळ मोबाइल नेऊन बघते.