वर नाव कुणाचं?

(वेगवेगळ्या विभागांतल्या पीएच.डी.च्या विद्यार्थ्यांसमोर दिलेलं व्याख्यान, थोडंफार संपादन करून)

मी शास्त्रज्ञ नाही, इतिहासकारही नाही. उभी हयात ग्रंथालयात गेली. नवं पुस्तक आलं की आमच्या टेबलावर पहिला प्रश्न 'आत काय आहे' हा नसतो, 'हे कुणाचं' हा असतो. ग्रंथसूचीच्या कार्डाची पहिली ओळ त्यावर ठरते. आडनाव आधी, मग स्वल्पविराम, मग नाव. एक लेखक असला तर काम सोपं. दोन किंवा तीन असले तरी निभायचं. तीनच्या वर गेले की आमच्या जुन्या नियमाप्रमाणे मुख्य नोंद शीर्षकाखाली जायची. पहिल्याचं नाव घ्यायचं आणि पुढे 'व इतर' लिहून मोकळं व्हायचं. माझ्या हातून अशी किती माणसं 'व इतर' झाली असतील देव जाणे. आजचं हे भाषण म्हणजे त्याचं थोडंसं प्रायश्चित्त समजा.

आता महाभारताचं कार्ड करायचं असेल तर? लेखक व्यास, हे शाळेतलं पोरही सांगेल. पण ती गणपतीची गोष्ट आठवा. व्यास सांगणार आणि गणपती लिहून घेणार. गंमत म्हणजे त्या श्लोकांत 'लेखक' हा शब्द गणपतीसाठी आलाय, व्यासांसाठी नाही. लेखक म्हणजे लिहून घेणारा, लेखनिक. रचणारा वेगळा. आपण पुढे हा शब्द उचलला आणि रचणाऱ्याच्या गळ्यात घातला. त्या दोघांचा करारही तुम्हाला ठाऊक आहे. गणपती म्हणाला, माझी लेखणी थांबता कामा नये. व्यास म्हणाले, कबूल, पण अर्थ कळल्याशिवाय एक अक्षर उतरवायचं नाही. संशोधनात नाव कुणाचं लागावं याचे आजवर मी पुष्कळ नियम वाचले. व्यासांच्या अटीइतकी नेमकी अट दुसरी सापडली नाही.

आणि पुढची गंमत पुण्यातली. भांडारकर संस्थेनं महाभारताची चिकित्सक आवृत्ती काढायला घेतली ती १९१९ साली, आणि १९२५ पासून विष्णु सीताराम सुखटणकर तिचे प्रमुख संपादक झाले. हा माणूस मुळात केंब्रिजला गणित शिकलेला, मग बर्लिनला जाऊन संस्कृतकडे वळलेला. त्यांनी पोथ्या ताडून पाहिल्या आणि ठरवलं की गणपतीची ही कथा मूळ संहितेतली नाही. ती आदिपर्वाच्या परिशिष्टात गेली. गणपतीच्या पुण्यात बसून गणपतीला परिशिष्टात टाकायला गणिती छातीच लागते!

तिथलं काम कसं चालायचं ते जरा जवळून बघण्यासारखं आहे. आडव्या-उभ्या रेघा मारलेला फूलस्केप कागद. प्रचलित पाठातला एक श्लोक त्यावर लिहायचा. मग एक-एक पोथी घेऊन, जिथे अक्षर वेगळं असेल तिथे त्या अक्षराच्या बरोबर खाली, त्याच्या घरात, वेगळं अक्षर नोंदवायचं. पोथ्यांचा क्रम प्रत्येक कागदावर वरून खाली तोच. उजवीकडे शेऱ्यांसाठी चार इंच रुंदीचा रकाना: समासात काही वाढवलंय का, खोडलंय का. एखाद्या पोथीत जास्तीचे श्लोक निघाले तर ते वेगळ्या कागदावर लिहून जोडायचे. त्या कागदाला नाव होतं शोधपत्र. हिंदीत आज रिसर्च पेपरला शोधपत्र म्हणतात. भांडारकरमध्ये शोधपत्र म्हणजे मूळ पानाला जोडलेलं ठिगळ होतं. मला तोही अर्थ फार चुकीचा वाटत नाही. एका गटानं केलेली नोंद दुसऱ्या गटानं तपासायची. हे करणारे शास्त्री होते, पदवीधर होते. एकूण १२५९ पोथ्या पाहिल्या गेल्या. १९६६ साली १९ खंड पुरे झाले तेव्हा सुखटणकरांना जाऊन तेवीस वर्षं झाली होती.

आदिपर्वाच्या शीर्षकपानावर काय आहे? संपादक म्हणून सुखटणकर. मग 'यांच्या सहकार्याने' म्हणून मोठी यादी: बेलवलकर, काणे, रघु वीर, प. ल. वैद्य, तिकडे प्रागचे विंटरनिट्झ. चित्रं काढणारे म्हणून औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी. आणि यादीच्या शेवटी 'आणि इतर विद्वान'. म्हणजे 'व इतर' तिथेही सुटलं नाही. पण एक बघा, त्या पानावर कोण काय करत होतं हे तरी कळतं. संपादक वेगळा, सहकारी वेगळे, चित्रकार वेगळा. आजच्या शोधनिबंधावर नुसती नावं असतात, स्वल्पविरामानं जोडलेली.

त्या स्वल्पविरामांचं व्याकरण विभागागणिक बदलतं, आणि भांडणं तिथूनच सुरू होतात. जीवशास्त्राच्या प्रयोगशाळेत पहिलं नाव म्हणजे जिनं रात्री जागून प्रयोग केले ती, आणि शेवटचं नाव म्हणजे ज्यांची प्रयोगशाळा ते. मधली नावं मधलीच. गणितात मात्र बाराखडीचं राज्य. आडनावाच्या आद्याक्षरानं क्रम लावायचा, कुणी किती केलं हा प्रश्न विचारणंच गैर. हार्डी आणि लिटलवूड या इंग्रज गणितज्ञांच्या जोडीचा तर दंडक होता म्हणतात, की जोडनावानं निघालेल्या निबंधात एखाद्यानं काहीच केलं नसलं तरी हरकत नाही. कणभौतिकीत २०१५ साली हिग्ज कणाच्या वस्तुमानावर एक निबंध आला, त्याचे लेखक ५१५४. छापील ३३ पानं, त्यातली संदर्भ धरून नऊ पानं निबंधाची, बाकीची चोवीस नावं आणि संस्थांची. पहिलं आडनाव 'आद' (Aad). हे गृहस्थ पहिले का, तर आडनावात सुरुवातीलाच दोन 'ए' आहेत म्हणून. आणि आपल्याकडे मराठी, इतिहास, तत्त्वज्ञान? तिथे दुसरं नाव दिसलं की लोक विचारतात, याला एकट्याला जमलं नाही का?

एका महाविद्यालयाच्या बढतीच्या समितीला मी कागद पुरवत होतो. गणिताच्या एका बाईंच्या निबंधावर त्यांचं नाव तिसरं, कारण आडनाव 'व' वरून. समितीतल्या एकानं गुण कापले: पहिलं नाव नाही, करस्पाँडिंग ऑथर (पत्रव्यवहार सांभाळणारा लेखक) म्हणूनही नाही. बाईंनी बाराखडीची पद्धत समजावून सांगितली. ते म्हणाले, तसं नियमात नाही. खरंच नव्हतं. यूजीसीच्या, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या, २०१८च्या नियमांत असं आहे की दोन लेखक असतील तर प्रत्येकाला सत्तर टक्के गुण. दोघांत मिळून एकशे चाळीस झाले, त्यावर माझा काही आक्षेप नाही, विद्या दिल्यानं वाढते. पण दोनपेक्षा जास्त असतील तर पहिल्या किंवा प्रमुख लेखकाला सत्तर आणि बाकीच्यांना प्रत्येकी तीस. एकच फूटपट्टी, ती बेडकालाही लावायची आणि प्रमेयालाही. बाईंनी त्या दिवशी चहा घेतला नाही एवढं मला आठवतं.

आता क्रियापदांकडे येऊ. इंग्रजी निबंधात एकटा लेखकही स्वतःला बहुवचनात मांडतो. त्याच्यामुळे १९७५ साली एक मांजर शास्त्रज्ञ झालं. मिशिगनमधले हेदरिंग्टन नावाचे भौतिकशास्त्रज्ञ. एकट्यानं निबंध लिहिला, टाइप झाला, सगळीकडे बहुवचन. एका सहकाऱ्यानं सांगितलं, एकच लेखक असला तर नियतकालिक हे परत पाठवेल. टाइपरायटरचा काळ, सगळं पुन्हा कोण बडवणार? त्यांनी आपल्या मांजराला सहलेखक केलं: एफ. डी. सी. विलार्ड. निबंध छापून आला.

मराठीत ही सोय नाही, आणि हे आपलं भाग्य आहे. आपल्याकडे 'आम्ही' वेगळं आणि 'आपण' वेगळं. 'समजा आपण एक त्रिकोण घेतला' म्हटलं की वाचणाराही त्यात आला. 'आम्ही चाळीस नमुने तपासले' म्हटलं की वाचणारा बाहेर, आणि आत कोण कोण होतं हे सांगायची जबाबदारी तुमची. माझं तुम्हाला सांगणं आहे की प्रबंध कुठल्याही भाषेत लिहा, पण पद्धतीचं प्रकरण एकदा मराठीत बोलून बघा. 'नमुने तपासले गेले' हे तोंडातून बाहेर पडायला लाजतं. कुणी तपासले? तिथेच कळतं की कुणाचं नाव राहून गेलंय.

नावाशी जितका खेळ दामोदर धर्मानंद कोसंबींनी केला तितका आपल्याकडे क्वचितच कुणी केला असेल. गोव्यातल्या कोसबें गावचे, गणिती आणि इतिहासकारही. १९३१च्या सुमारास अलीगढला आंद्रे वेल हे फ्रेंच गणिती होते, त्यांच्या चिथावणीवरून कोसंबींनी एका टिपणात बूर्बाकी नावाच्या रशियन गणितज्ञाच्या प्रमेयाचा विस्तार केला. असा रशियन नव्हताच. थट्टा होती. पुढे काही वर्षांनी फ्रान्समध्ये तरुण गणित्यांचा एक गट जमला, त्यानं त्याच आडनावाखाली सामुदायिक ग्रंथ लिहिले आणि विसाव्या शतकाच्या गणिताला वळण दिलं. ते नाव शोधनिबंधाच्या शीर्षकात प्रथम छापलं ते मात्र आपल्या गोव्याच्या माणसानं. साठच्या दशकात याच कोसंबींनी काही गणिती निबंध एस. डुक्रे या नावानं छापले. आणि स्वतःच्या नावावर? १९४४ साली जनुकांच्या अंतराचं एक सूत्र दिलं, ते आजही पिकांचे जनुकीय नकाशे काढताना वापरतात. मौर्यकालीन नाणी तराजूत तोलून इतिहास मांडला. भर्तृहरीची सुभाषितं संपादित केली. मला कृषी विभागातला एक मुलगा भेटला होता, तो रोज संगणकावर 'कोसंबी' हा पर्याय निवडायचा. त्याला वाटायचं जपानी असतील. आणि इतिहासाच्या एका प्राध्यापकांना मी हे सूत्र सांगितलं तर ते म्हणाले, छे, ते दुसरे कुणीतरी असतील.

कमला सोहोनींचं उलट झालं. त्यांनी मुद्दाम काही केलं नाही, तरी त्या दोन झाल्या. केंब्रिजमधून १९३९ साली पीएच.डी. झाल्या. तेव्हाच्या निबंधांवर नाव के. भागवत. १९४७मध्ये लग्न झालं, पुढे मुंबईत अन्नपदार्थांवर काम केलं, तिथे नाव के. सोहोनी. सूचीच्या हिशेबात या दोन बायका. तिसरीही अडचण: भागवत म्हटलं की मराठी वाचकाला त्यांची बहीण दुर्गाबाईच आठवणार. आज ओआरसीआयडी (ORCID) म्हणून प्रत्येक संशोधकाला ओळखीचा सोळा आकड्यांचा क्रमांक मिळतो, तो काढून ठेवा, फुकट आहे. मुलींनी तर पहिला निबंध पाठवायच्या आधी कुठलं नाव जन्मभर चालवायचं ते ठरवून टाकावं. आता आईचंही नाव लावायचं म्हणताय, चांगलंच आहे, पण मग प्रत्येक ठिकाणी लावा. आम्हा सूचीकारांना दया येऊ द्या.

फुकटच्या नावांबद्दल मी फार बोलणार नाही, तुम्हाला ते माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. गाइडचं नाव, गाइडच्या गाइडचं नाव, यंत्र ज्यांच्या खोलीत आहे त्यांचं नाव. वैद्यकातल्या संपादकांनी चार अटी घातल्यात, त्यातली शेवटची जबाबदारीची: या कामाबद्दल कुणी प्रश्न विचारला तर उत्तर देण्याची तयारी. याच अटीवर २०२३ साली मोठ्या नियतकालिकांनी चॅटजीपीटीला लेखक मानायला नकार दिला. योग्यच केलं. पण तीच अट काही विभागप्रमुखांना लावली तर? गणपतीसारखी अर्थ कळल्याशिवाय अक्षर न उतरवण्याची सक्ती सोडाच, वर नाव असलेला निबंध एकदा वाचण्याची सक्ती केली तरी याद्या निम्म्यावर येतील.

माझा स्वतःचा एक अनुभव सांगतो, रडगाणं म्हणून नव्हे. एका ग्रंथासाठी मी अकराशे नोंदींची सूची केली होती. दोन उन्हाळे गेले. ग्रंथ आला, मी आधी मागून उघडला. सूची होती, जशीच्या तशी, माझ्या दोन चुकांसकट. मग ऋणनिर्देश बघितला. पत्नी, मुलं, प्रकाशक, 'सुबक अक्षरजुळणी करणारे' अमुक, आणि शेवटी 'ग्रंथालयातील सर्व कर्मचारीवर्ग'. मी त्याचं कार्ड केलं. संपादकांच्या नावाखाली. दुसरं काय करणार, नियम तो नियम.

म्हणून पुढे कुणी विद्यार्थी नावांबद्दल विचारायला आला की मी एकच करायचो. कोरा कागद पुढे सरकवायचो आणि सांगायचो, काम सुरू झाल्यापासून कुणी काय केलं ते सगळं लिही, नावांसकट. क्रम नंतर बघू. वनस्पतीशास्त्राची एक मुलगी अशीच बसली होती. सह्याद्रीतल्या एका कंदावर काम. गाइड, सहकारी, रसायनं तपासणारी मैत्रीण, सगळं भराभर उतरलं. मग थांबली. कंद कुठे उगवतो ते डोंगरात दाखवणारा एक म्हातारा होता. तीन पावसाळे तिच्याबरोबर हिंडला होता. तिनं लिहिलं 'मामा', आणि पेन तसंच धरून बसली.

सोमवारी ती आली नाही. मंगळवारी आली, एस.टी.च्या धुळीसकट. वहीचं एक पान माझ्यापुढे ठेवलं. म्हाताऱ्यानं स्वतःच लिहून दिलं होतं, मोठ्या, सावकाश अक्षरांत, शाळेच्या हजेरीपटावर असायचं तसं. आडनाव आधी.