डेटा सर्व्हर रूममध्ये, डॅशबोर्ड क्लाउडवर

सकाळी डॅशबोर्ड उघडला, तर आकडे कालचेच. क्लाउड सुरळीत आहे, सर्व्हर रूममधला एसक्यूएल सर्व्हर, म्हणजे कंपनीचा डेटाबेस, तोही चालू आहे. घोटाळा बहुतेक वेळा या दोघांच्या मधल्या दुव्यात असतो: गेटवेत.

पॉवर बीआय हे मायक्रोसॉफ्टचं डॅशबोर्ड बनवायचं साधन. त्याचा गेटवे म्हणजे कंपनीच्याच नेटवर्कमधल्या एका विंडोज मशीनवर चालणारी सर्व्हिस. क्लाउड आत शिरत नाही. गेटवेच बाहेर जोडणी करतो, तिथे थांबलेली क्वेरी (डेटाची मागणी) उचलतो आणि उत्तर पाठवतो. त्यामुळे फायरवॉलवर आत येणारा एकही पोर्ट उघडावा लागत नाही. सुरक्षा विभागाला हे आधीच सांगावं, अर्धी बैठक वाचते.

या मशीनसाठी मायक्रोसॉफ्टची शिफारस आहे ८ कोर, ८ जीबी रॅम आणि एसएसडी. एसएसडी अशासाठी, की डेटा पुढे जाण्याआधी तात्पुरता डिस्कवर उतरतो. गेटवे कुणाच्या लॅपटॉपवर टाकू नये. झाकण मिटलं की रिफ्रेश, म्हणजे डेटा ताजा करणं, बंद. आणि ‘रिकव्हरी की’ (गेटवेची गुप्त किल्ली) जपावी. क्लस्टरमध्ये (एकत्र काम करणाऱ्या गेटवेंच्या गटात) दुसरा गेटवे जोडताना तीच मागितली जाते. हरवली तर परत मिळत नाही.

आता डेटा क्लाउडवर न्यायचा, की जागेवरच ठेवायचा? डायरेक्टक्वेरीत तो जागेवर राहतो आणि प्रत्येक चार्ट थेट सर्व्हरला विचारतो, पण पानावर १५ चार्ट असतील आणि ४० जणांनी ते एकदम उघडलं, तर किमान ६०० क्वेरी बिलिंग चालवणाऱ्या त्याच सर्व्हरवर आदळू शकतात. इम्पोर्टमध्ये, म्हणजे डेटाची प्रत क्लाउडवर ठेवली तर, हा ताण नाही. मात्र प्रो लायसन्सवर दिवसाला ८ शेड्यूल्ड रिफ्रेश आणि मॉडेलला (तिथे साठवलेल्या डेटाला) १ जीबीची मर्यादा.

मोठ्या टेबलांना इन्क्रिमेंटल रिफ्रेश लावतात: पाच वर्षांचा इतिहास ठेवायचा, शेवटचे दहा दिवस ताजे करायचे. इथली चूक सहज दिसत नाही. पॉवर क्वेरीतली (डेटा आणून साफ करणाऱ्या भागातली) एखादी पायरी एसक्यूएलमध्ये, म्हणजे डेटाबेसच्या भाषेत, उतरली नाही, तर तारखेचा फिल्टर सर्व्हरपर्यंत पोचतच नाही. गेटवे अख्खं टेबल ओढतो आणि नको त्या ओळी स्वतः गाळत बसतो. दहा दिवसांच्या डेटाला तासभर लागत असेल, तर आधी हेच तपासावं.

आणि ते कालचे आकडे? डेटाबेस खात्याच्या पासवर्डची मुदत रात्री संपली असेल. क्रेडेन्शियल (लॉगिनची माहिती) अवैध ठरली किंवा लागोपाठ चार रिफ्रेश फसले, की पॉवर बीआय शेड्यूलच बंद करतो. नवा पासवर्ड भरल्यावर शेड्यूलही पुन्हा हाताने चालू करावं लागतं.