मिटणाऱ्या भिंती : पुण्यात घडीची कॅरॅव्हॅन

[दृश्य : भोसरीतली शेड. मिटलेली कॅरॅव्हॅन, तिला टेप लावलेली.]

जमिनीपासून छपरापर्यंत 1.4 मीटर. रुंदी 2 मीटर. पुढची जोडदांडी धरून लांबी 4.8 मीटर. घडीची कॅरॅव्हॅन म्हणजे मोटारीमागे ओढायचं, भिंती मिटणारं चाकांवरचं घर. तिचा पुण्यातला पहिला फायदा या टेपवर वाचता येतो. सोसायटीच्या तळघरात तुळईखाली साधारण 2.1 ते 2.4 मीटर मोकळी उंची मिळते. न मिटणारी कॅरॅव्हॅन 2.6 मीटरच्या आसपास असते, म्हणजे ती दारातच अडते. ही आत जाते.

[दृश्य : दोघे जण छप्पर उचलतात. सलग, न कापता.]

आता उघडण्याचा क्रम नीट पाहा. आधी छप्पर. मोटारीच्या डिकीला असतात तसले गॅस भरलेले दांडे चारही कोपऱ्यांत आहेत, छपराचं बहुतेक वजन तेच पेलतात. छप्पर पूर्ण वर गेल्यावर लांबीच्या दोन भिंती. त्या आतल्या बाजूला आडव्या निजलेल्या असतात, खालच्या सलग बिजागरीवर फिरून उभ्या राहतात. त्यानंतर पुढची आणि मागची भिंत. शेवटी दाराची चौकट आणि मग कोपऱ्यांतले कुलपी खटके. सरावलेल्या दोन माणसांना दहा मिनिटं पुरतात.

क्रम बदलून चालत नाही. पुढची किंवा मागची भिंत आधी उभी केली तर लांब भिंतीची कड तिच्या रबरावर घासत जाते आणि रबर फाटतं. मिटवताना हाच क्रम उलटा, आणि त्या आधी ओट्यावरचं सगळं उचललेलं हवं. नळाची मान वर राहिली आणि छप्पर खाली ओढलं, तर नळ वाकतोच, शिवाय भिंतीच्या पत्र्याला पोचा पडतो.

[दृश्य : गॅसच्या दांड्याचा जवळून शॉट.]

हे दांडे कायमचे नसतात. आतल्या वायूचा दाब तापमानाबरोबर बदलतो. 40 अंशांवरून 10 अंशांवर आलं की दाब सुमारे दहा टक्क्यांनी उतरतो. म्हणून मे महिन्यात एका हाताने जाणारं छप्पर डिसेंबरच्या पहाटे जड लागतं. तो दोष नव्हे. पण दुपारच्या उन्हातही छप्पर अर्ध्यावर थांबत असेल, तर दांडे संपलेत. ते जोडीनेच बदलायचे. एकच नवा बसवला तर एक बाजू जास्त उचलली जाते, छप्पर पीळ खातं आणि बिजागरीचे स्क्रू सैल होतात. दांड्यावर न्यूटनमध्ये आकडा छापलेला असतो. नाना पेठेत बदली माल शोधताना तो आकडा, पूर्ण लांबी आणि टोकाची जोडणी हे तिन्ही जुळलं पाहिजे.

[दृश्य : जुनी बिजागरी, ड्रिल, सुटे केलेले स्क्रू.]

अशा कॅरॅव्हॅनमागचं डोकं सुताराचं आहे. फ्रान्समधल्या मायेन इथले फर्निचर बनवणारे कॉन्स्टाँ रुसो यांनी 1961 मध्ये घडीची कॅरॅव्हॅन तयार केली आणि त्यातून रापिदो ही कंपनी उभी राहिली. कपाटं करणाऱ्या माणसाला बिजागरी, सांधा आणि लाकडाचं फुगणं कळतं, आणि ही गाडी त्या तीन गोष्टींवरच चालते. आजही कारागीर निवडताना आधी सांध्याचं काम जाणणारा शोधावा. पत्र्याचं काम करणारे भोसरीत आणि चाकणला खूप सापडतील. ॲल्युमिनियमच्या पट्टीत स्टेनलेसचा स्क्रू थेट पिळला की दमटपणात ॲल्युमिनियमला पांढरी भुकटी सुटते आणि भोक मोठं होत जातं, हे ठाऊक असलेला माणूस मिळणं कठीण. स्क्रूखाली नायलॉनची चकती आणि भोकात सीलंट, एवढा त्यावर उपाय आहे. कोकणात जाऊन आलं की सगळ्या बिजागऱ्या गोड्या पाण्याने धुवायच्याच.

[दृश्य : पवना धरणाच्या काठचा उतार. चाकाखाली फळी. पाणसळ.]

उघडण्याआधी जमीन पाहायची. जागा इथल्यासारखी उतरती असेल तर आधी डावं-उजवं समतोल करायचं, खालच्या बाजूच्या चाकाखाली फळी घालून. मग पुढचं छोटं चाक वर-खाली करून पुढचं-मागचं. चारही कोपऱ्यांचे टेकू सगळ्यात शेवटी, जमिनीला जेमतेम टेकतील इतपतच. टेकूंनी कॅरॅव्हॅन उचलायची नाही. ते हेलकावे थांबवण्यासाठी आहेत. त्यांच्यावर वजन उचललं तर सांगाडा पिळतो, आणि सांगाडा पिळला की वरच्या भिंती एकमेकींना भेटत नाहीत. दार लागत नाही, वरच्या कोपऱ्यात फट पडते. पुष्कळ लोक त्या फटीत सिलिकॉन भरतात. खालचा टेकू दोन फेरे सैल केला की ती फट आपोआप मिटते.

[दृश्य : पाण्याचा पाइप. खालून वर सरकणारा फवारा. आत टॉर्च घेतलेला माणूस.]

आणि आता पाणी. पुणे शहरात वर्षाकाठी सातशे-साडेसातशे मिलिमीटर पाऊस पडतो, लोणावळ्यात त्याच्या कित्येक पट. एकसंध कॅरॅव्हॅनला मोजके सांधे असतात. हिच्या प्रत्येक भिंतीची प्रत्येक कड हा एक सांधा. उंची कमी झाली त्याची किंमत ही.

गळती शोधताना फवारा नेहमी खालून सुरू करायचा. एका सांध्यावर पाच मिनिटं, आत थेंब दिसला नाही तर एक टप्पा वर. वरून सुरुवात केली तर पाणी सगळीकडून ओघळतं आणि आत कुठून आलं ते कळत नाही. सांध्यांचं रबर बहुतेक ईपीडीएम जातीचं असतं. त्याला साबणाचं पाणी आणि सिलिकॉन स्प्रे चालतो. ग्रीस किंवा इंजिन ऑइल अजिबात नको, खनिज तेलाने हे रबर फुगतं, मऊ पडतं. गॅरेजमध्ये मायेने लावलेलं ग्रीस रबराचा जीव घेतं.

[दृश्य : ओल मोजणारं यंत्र, जमिनीच्या प्लायवूडवर.]

यंत्रावर 15 टक्क्यांपर्यंत काळजी नाही. 15 ते 20 दिसलं तर महिन्याने पुन्हा मोजा. 20 च्या वर पाणी कुठून तरी येतंय. 30 च्या वर प्लायवूडचे थर सुटू लागलेले असतात, तिथं बोटाने दाबलं तरी जमीन दबते. आधी चाकाच्या कमानीपाशी आणि दाराच्या उंबऱ्याखाली मोजा.

याच कारणाने कापडी भिंतींची घडीची गाडी आम्ही इकडच्या हवेत सुचवणार नाही. ती हलकी असते, स्वस्तही पडते. पण जुलैत ओलं कापड मिटवून घरी आणलं की ते वाळवायला ऊन लागतं, आणि जुलैत ऊन नसतं. दोन-तीन दिवसांत काळे ठिपके येतात. कडक भिंतीचं छप्पर आधी वर जातं, त्यामुळे भर पावसात उघडली तरी गाद्या बऱ्याच कोरड्या राहतात.

[दृश्य : न्हाणीघरातला वजनकाटा, त्यावर लाकडी ठोकळा, वर जोडदांडीचं टोक.]

हा काटा भार मोजण्याचा सगळ्यात स्वस्त मार्ग. बैलगाडी उलाळ झाली की जू वर उचललं जातं. इथंही तसंच, मागे ओझं जास्त झालं की गाडीच्या मागच्या चाकांवरचा भार हलका होतो आणि उतारावर कॅरॅव्हॅन शेपटीसारखी डुलू लागते. भरलेल्या वजनाच्या 5 ते 7 टक्के भार पुढच्या टोकावर हवा. 750 किलोला 37 ते 52 किलो. कॅरॅव्हॅन समतल ठेवून मोजा, आणि तुमच्या टोचन हुकाची मर्यादा त्याहून कमी असेल तर ती मर्यादा पाळा. वजन वाढवणाऱ्या वस्तू ओळखीच्या असतात. 14.2 किलोचं घरगुती सिलिंडर लोखंडासकट तीसच्या घरात जातं. शंभर ॲम्पिअर-तासाची शिशाची बॅटरीही तेवढीच, लिथियमची बारा-तेरा किलोंत भागते. पाण्याची टाकी प्रवासात रिकामी ठेवा.

हुकाचा गोळा मोजून घ्या. 50 मिलिमीटरची वाटी आणि दोन इंची, म्हणजे 50.8 मिलिमीटरचा गोळा, ही जोडी बसल्यासारखी दिसते पण खटका पूर्ण लागत नाही. स्थानिक लेथवर गोळा करून घेताना ही गफलत होते. खटका लागल्यावर पुढचं चाक फिरवून गाडीची मागची बाजू उचलली जाते का ते पाहायचं. जोड सुटला तर कॅरॅव्हॅनचे ब्रेक ओढणारी सुरक्षेची तार वेगळ्या कडीत अडकवायची, गोळ्याच्या मानेभोवती नुसती टाकून ठेवायची नाही.

[दृश्य : कात्रज घाट, मागून. समोरून येणारा ट्रक.]

घाटात हिचा बुटकेपणा पुन्हा कामी येतो. मिटलेली कॅरॅव्हॅन गाडीच्या आडोशात धावते, वाऱ्याला फार कमी अंग देते. समोरून ट्रक गेला तरी झटका लहान बसतो. उतरताना गिअर आधी खाली आणा. कॅरॅव्हॅन गाडीला मागून ढकलते त्या दाबावर तिचे ब्रेक लागतात, ते सतत दाबले गेले तर ड्रम तापतात. गतिरोधकावर मात्र पुढचं चाक पूर्ण वर घेऊन घट्ट आवळलेलं हवं, नाहीतर त्याची खिट्टी तुटते. चाक काढून बसवलं असेल तर पन्नास किलोमीटरनंतर नट पुन्हा आवळा.

[दृश्य : सोसायटीचा उतार. तिघे जण हाताने ढकलताना.]

उतार दहास एक असेल तर 650 किलोच्या कॅरॅव्हॅनला धरून ठेवायलाच 65 किलोचा जोर लागतो, चाकांचा विरोध वेगळा. एकट्याने करायचं काम नाही. एकाने फक्त चाकामागे लाकडी पाचर धरायची. आणि आत पोचल्यावर ती गाडीची एक पूर्ण जागा व्यापते. सोसायटीत एकच जागा असेल तर गाडी रस्त्यावर जाईल. या अडचणीला कुठला भाग विकत मिळत नाही.

[दृश्य : छपरावर सोलर पॅनल धरून पाहणारे हात.]

मोह होतो. पण शंभर वॉटचं काचेचं पॅनल सात-आठ किलो भरतं, ते छपरावर बसवलं की दांड्यांचं गणित बिघडतं. पॅनल सुटं ठेवून जमिनीवर मांडा, सावली टाळता येते हा वरचा फायदा. छपरावर एसी तर विसराच. एप्रिलच्या दुपारी आत गरम होतं, खिडक्या आणि पंखा यांच्यापलीकडे इलाज नाही.

[दृश्य : नंबर प्लेट. आरसी. झटपट.]

मोटार वाहन कायदा 1988 मध्ये ट्रेलर हेही मोटार वाहनच, म्हणून नोंदणी आणि विमा त्यालाही लागतो. गाडीच्या पुस्तिकेत ओढण्याची क्षमता लिहिलेली नसेल तर खरेदी तिथंच थांबवा. धरणाच्या काठावर मुक्काम केला तर तिथं सांडपाणी सोडायचं नाही, डबा भरून परत आणायचं.

[दृश्य : जुनी कॅरॅव्हॅन. विकणारा आणि घेणारा.]

जुनी घेणार असाल तर मिटलेल्या अवस्थेत बघायला बोलवा आणि मालकाला ती उघडायला लावा. आधीच उघडून ठेवली असेल तर मिटवायला सांगा आणि पुन्हा उघडायला. दांडे, बिजागऱ्या, सांगाड्याचा पीळ, सगळं तेवढ्यात दिसतं. टायरवरचे शेवटचे चार आकडे वाचा, पहिले दोन आठवडा आणि पुढचे दोन वर्ष. वर्षानुवर्षं उभी राहिलेली असेल तर नक्षी नवी दिसली तरी टायर बदलण्याचा खर्च किमतीतून वजा करा. आणि यंत्र घेऊन जा, ओल मोजण्याचं. आधी उंबऱ्याखाली लावा.