कोण सांगतंय ही गोष्ट?

नमस्कार मंडळी. अलीकडे वाचलेल्या कादंबऱ्यांबद्दल बोला, असं मला सांगितलं गेलं, तेव्हा मी आधी यादी काढायला बसले. यादी लांबत गेली. मग प्रत्येक पुस्तकापुढे एकच प्रश्न लिहिला : ही गोष्ट मला कोण सांगत होतं? काही पुस्तकांपुढे उत्तर झटकन आलं आणि तिथंच संपलं. काहींपुढे मात्र पेन थांबलं. ज्यांच्यापुढे थांबलं त्यांच्याबद्दलच आज बोलते. मी समीक्षक नाही, वाचणारी बाई आहे. माझी मतं माझ्या वाचनातून आलेली आहेत आणि ती मी हातचं न राखता सांगणार आहे.

पहिली ‘घाचर घोचर’. विवेक शानभागांची ही कन्नड कादंबरी २०१३ साली आली. श्रीनाथ पेरूर यांनी केलेल्या इंग्रजी अनुवादात मी ती वाचली. जेमतेम सव्वाशे पानांचं पुस्तक, एका बैठकीत संपलं. शेवटचं वाक्य वाचलं, पुस्तक मिटलं, क्षणभर बसले आणि पुन्हा पहिलं पान काढलं. असं माझ्या हातून फार कमी वेळा घडलं आहे.

गोष्ट सांगणारा एक तरुण नवरा आहे. त्याला नाव नाही. तो कॉफी हाउसमध्ये बसून असतो. तिथला व्हिन्सेंट नावाचा वेटर कमी बोलतो, पण जे बोलतो ते याला फार खोल वाटतं. घरात आई, वडील, सासर सोडून आलेली बहीण मालती, बायको अनिता आणि काका. वडिलांची विक्रेत्याची नोकरी जाते, काका मसाल्याचा धंदा काढतो, घरात पैसा येतो. आता सगळं घर काकाच्या मर्जीभोवती फिरतं. आपला निवेदक कागदोपत्री कंपनीचा संचालक, पण काम काही नाही. पगार मात्र येतो.

हा माणूस आपल्याशी इतका मऊ, इतका प्रामाणिक बोलतो की त्याच्यावर विश्वास बसतो. गरिबीच्या दिवसांतलं जुनं घर, तिथल्या मुंग्या, त्या मुंग्या मारताना घरच्यांना चढणारा जोर, हे सगळं तो किती बारकाईनं सांगतो. पहिल्या वाचनात मी त्या मुंग्यांवरून हसत हसत पुढे गेले. दुसऱ्या वाचनात तिथंच थबकले. जे आपल्या वाटेत येतं ते चिरडायचं, आणि सगळ्यांनी मिळून चिरडायचं, हे त्या घराचं वळण लेखकानं तिथंच सांगून ठेवलं आहे. निवेदकाला मात्र ती फक्त लहानपणीची आठवण वाटते.

आता त्यातला एक प्रसंग. एक बाई दाराशी येते, काकाला भेटायचं म्हणते. त्याला आवडते म्हणून मसूरडाळीची आमटी करून आणलेली असते. काका आतच असतो, पण बाहेर येत नाही. आई आणि मालती त्या बाईवर तुटून पडतात. नाही नाही ते बोलतात. डबा पडतो, आमटी सांडते, वास पसरतो. आणि आपला निवेदक? तो बघत उभा असतो. हे तो आपल्याला स्वतःच सांगतो, लपवत नाही. पण सांगण्याचा सूर असा की जणू त्याला करण्यासारखं काही नव्हतंच. मला या पुस्तकातलं सर्वांत भयंकर वाटलं ते हे. शेवट मी सांगणार नाही, ज्यांनी वाचली नसेल त्यांच्यासाठी तो राखून ठेवते. एवढंच म्हणते की शेवटाबद्दल निवेदक एक अक्षरही उघड बोलत नाही आणि तरी आपल्याला कळतं. त्याच्या तोंडून न निघालेलं ऐकायला या लेखकानं मला शिकवलं.

यानंतर लगेच हान कांग यांची ‘द व्हेजिटेरियन’ घेतली. मूळ कोरियन, २००७ची. इंग्रजी अनुवादाला २०१६चा आंतरराष्ट्रीय बुकर मिळाला आणि २०२४ साली लेखिकेला नोबेल. यंग-हे नावाची बाई एक दिवस मांस खायचं सोडते. कारण एवढंच सांगते की स्वप्न पडलं. इथून सगळं मोडत जातं. कादंबरीचे तीन भाग आहेत. पहिला तिचा नवरा सांगतो, दुसरा मेव्हण्याच्या, म्हणजे तिच्या बहिणीच्या नवऱ्याच्या बाजूनं जातो, तिसरा बहिणीच्या. जिच्याबद्दल हे सगळं आहे तिला स्वतःची गोष्ट सांगायला जागाच नाही. पहिल्या भागात स्वप्नांचे काही तुकडे तिच्या आवाजात येतात, तेवढेच.

नवरा पहिल्याच पानावर सांगून टाकतो की बायको अगदी साधारण, म्हणूनच तिच्याशी लग्न केलं. तो खलनायक असता तर बरं झालं असतं असं मला वाटलं. तो नुसता गैरसोय झालेला माणूस आहे. दुसरा भाग मला आवडला नाही, हे स्पष्ट सांगते. मेव्हण्याच्या नजरेतून तिच्या देहाकडे इतका वेळ बघावं लागतं की मी दोनदा पुस्तक बाजूला ठेवलं. लेखिकेला तेच हवं असणार, हे मला समजतं. तरी वाचताना जीव घुसमटला, आणि ती घुसमट सगळीच्या सगळी गरजेची होती का, याबद्दल माझी अजून खात्री पटलेली नाही. तिसऱ्या भागात मात्र बहीण, इन-हे, रुग्णालयात तिच्याजवळ बसते. पहिल्यांदा कुणीतरी यंग-हेला न्याहाळतं ते तिला सुधारायला किंवा वापरायला नाही. तो भाग मी फार सावकाश वाचला.

ही दोन पुस्तकं डोक्यात असताना आपल्याकडच्या जुन्या दोन कादंबऱ्या पुन्हा काढल्या. रा. रं. बोराडे यांची ‘पाचोळा’, १९७१ची. गंगाराम शिंप्याची ही गोष्ट, पण सांगते त्याची बायको पार्वती, आणि सगळी सांगते मराठवाड्याच्या बोलीत. कॉलेजात असताना वाचली होती तेव्हा मला ती बोली अडायची. आता मी मोठ्यानं वाचून पाहिली आणि अडणं संपलं. कारण हे बोलणंच आहे. एक बाई जवळ बसवून सांगते आहे : हे असं झालं बघ, मग ते तसं झालं.

पार्वतीजवळ मोठमोठे शब्द नाहीत. गावातल्या वजनदार लोकांपुढे न वाकणारा, घरात मात्र स्वतःचाच हेका चालवणारा नवरा, आणि त्या दोन्हींमध्ये ती आणि तिचा मुलगा. आजचा एखादा लेखक इथं पार्वतीच्या तोंडी दोन पानं विश्लेषण घालेल. मी तशा कादंबऱ्या अलीकडे पुष्कळ वाचल्या, नावं घेत नाही, पण त्यांचा मला खरंच कंटाळा आला आहे. पात्राला जे कळणं शक्य नाही ते त्याच्या तोंडी घातलं की तिथून पुढे लेखकच ऐकू येतो. बोराडे तसं करत नाहीत. पार्वतीला जेवढं दिसतं तेवढंच आपल्याला दिसतं, आणि त्यापलीकडचं आपण घाबरत घाबरत जोडत जातो.

व्यंकटेश माडगूळकरांची ‘बनगरवाडी’, १९५५ची, आपल्यापैकी बहुतेकांनी वाचलेली असणार. तरी पुन्हा वाचा. औंध संस्थानातली धनगरांची वाडी, तिथं आलेला पोरसवदा मास्तर, आणि तोच निवेदक. त्यात एक प्रसंग आहे : शेकूजवळ एकच बैल, पेरणीचे दिवस निघून चाललेत, आणि त्याची बायको जोखडाची दुसरी बाजू स्वतःच्या खांद्यावर घेते. बैलाच्या जोडीला बाई. मास्तर हे सांगतो आणि पुढे जातो. हळहळ नाही, संताप नाही, ‘काय ही गरिबी’ असा एक शब्द नाही. मी तिथं थांबून विचार केला की हाही गप्पच राहतो, ‘घाचर घोचर’मधला नवराही गप्पच राहतो. मग एकाचा राग का येतो आणि दुसऱ्यावर माया का जडते?

मला वाटतं, मास्तर गप्प राहतो तो बघत राहण्यासाठी. त्याला त्या बाईपुढे स्वतःचा कळवळा आणून ठेवायचा नाही. तो नवरा गप्प राहतो तो स्वतःला वाचवण्यासाठी. दोघांची वाक्यं तितकीच साधी आहेत. फरक त्यांच्या उभं राहण्याच्या जागेत आहे.

गीतांजली श्री यांची हिंदी कादंबरी ‘रेत समाधि’ही मी याच महिन्यांत वाचली. तिच्यावर खूप बोललं गेलं आहे, म्हणून थोडक्यात. नवरा गेल्यावर ऐंशी वर्षांची आई घरच्यांकडे पाठ करून पडून राहते, उठायला तयार नाही. सांगणारे इथं किती तरी आहेत, कावळेसुद्धा. सुरुवातीची शंभरेक पानं मला जड गेली, शब्दांचे खेळ जरा जास्त वाटले. पण ती पाठ विसरता येत नाही. म्हातारीनं काहीही न बोलता सगळ्या घराला बोलायला लावलं आहे.

हे टिपण लिहून झाल्यावर मी ‘घाचर घोचर’ तिसऱ्यांदा हातात घेतली. या वेळी सबंध वाचली नाही. जिथं जिथं अनिता बोलते तेवढ्याच जागा शोधत गेले. फार नाहीत. ‘घाचर घोचर’ हा शब्दही तिनंच त्या घरात आणलेला आहे, तिच्या माहेरचा, कुठल्याही कोशात नसलेला. न सुटणाऱ्या गुंत्यासाठी तिनं आणि तिच्या भावानं लहानपणी केलेला. तू काम काय करतोस, हे नवऱ्याला तीच विचारते. आणि आमटी सांडली त्या दिवशी, त्या दारात, त्या परक्या बाईच्या बाजूनं बोलली होती ती एकटी अनिताच.