मधला अर्धा तास

[महालक्ष्मी स्टेशनबाहेरचा पूल. एप्रिल महिना, दुपारचे चार.]

महालक्ष्मीला उतरलं की पुलावर दोन तऱ्हेची माणसं दिसतात. एक, कठड्याला टेकून धोबीघाटाचे फोटो काढणारी. ती पाहुणी. दुसरी, घाटाकडे ढुंकूनही न बघता पश्चिमेला सुटलेली; खिशाला पेन, हातात सुरळी केलेलं रेसबुक. त्यांच्यामागून चालायला लागा, रेसकोर्सचा पत्ता विचारावा लागत नाही.

नोव्हेंबरात सुरू झालेला मुंबईचा मोसम आता आटपत आलाय. डर्बी, म्हणजे मोसमातली सगळ्यात मोठी रेस, फेब्रुवारीतच झाली. टोप्या घालून येणारे, फोटोपुरते येणारे, सगळे तेव्हा येऊन गेले. एप्रिलमध्ये उरतात ते नेहमीचे. आम्हाला त्यांनाच गाठायचं होतं.

[पॅडॉक. घोडे गोल फिरतायत.]

बाराशे मीटरची रेस सत्तर-एक सेकंदांत संपते. दोन रेसमध्ये मात्र साधारण अर्धा तास जातो. म्हणजे दुपारपासून अंधार पडेपर्यंत इथे बसलेला माणूस प्रत्यक्ष घोडे धावताना बघतो ती जेमतेम दहा मिनिटं. बाकीचा वेळ तो काय करतो?

आधी पॅडॉकच्या, म्हणजे रेसआधी घोडे फिरवून दाखवतात त्या रिंगणाच्या, कठड्याशी उभा राहतो. सईस लगाम धरून घोड्याला फिरवत असतो. घोड्याच्या मानेवर घामाचा फेस आलाय का, डोळ्यांना झापडं लावलीत का, चाल मोकळी आहे का. आमच्या शेजारी लालबागहून आलेले एक काका होते. सत्तरी ओलांडलेली, हातात पेन्सिल, पेन नाही. "पेन चुकलं की चुकलं," म्हणाले. आम्ही कॅमेरा घोड्याच्या पायांवर लावला होता. ते हसले. "पाय काय, सगळेच बघतात. कान बघ बाळा. कान पुढे असले की जनावर खुशीत आहे."

तोवर आत जॉकी तराजूवर उभे राहिलेले असतात, खोगिरासकट. हँडिकॅपची रेस असेल तर जो घोडा चांगला, त्याच्या पाठीवर वजन जास्त. कमी पडलं तर खोगिराखाली शिशाच्या पट्ट्या. रेस संपली की पहिल्या घोड्यांच्या जॉकींचं पुन्हा वजन. कुणी वाटेत हलका झाला नाही ना, याची खात्री. किराणा दुकानातसुद्धा इतकं काटेकोर मोजत नाहीत.

[टोटच्या खिडक्या. मग बुकींच्या पाट्या.]

मग पैशाचं काम. टोट म्हणजे क्लबची स्वतःची बेटिंग. तिच्या खिडकीत सगळ्यांचे पैसे एकाच हंडीत पडतात. सरकारचा आणि रेस भरवणाऱ्या क्लबचा वाटा काढायचा, उरलेलं जिंकणाऱ्यांत वाटायचं. म्हणून तिथला भाव, म्हणजे जिंकलं तर रुपयाला किती मिळणार ते, शेवटपर्यंत हलत राहतो. बुकीचं वेगळं. त्याने भाव दिला, तुम्ही घेतला, सौदा पक्का. मग पाटीवर तो चढो की उतरो. त्यामुळे घोडे गेटकडे निघाले की बुकींच्या रिंगमध्ये एकच गलका होतो.

सरकारचा वाटा हल्ली जड झालाय. २०१७मध्ये जीएसटी आला तो २८ टक्के, सप्टेंबर २०२५पासून ४०. काका हा आकडा असा सांगतात, जसं कुणी घरातल्या दुखण्याबद्दल सांगावं.

सर्वोच्च न्यायालयाने १९९६मध्ये सांगितलं की घोड्यांच्या शर्यतीवर पैसे लावणं हा कौशल्याचा खेळ आहे, निव्वळ नशिबाचा नाही. माझ्या आजीपर्यंत हा निकाल पोचला नाही. तिच्या लेखी रेस म्हणजे जुगार, विषय संपला. आमच्या चाळीत 'तो रेसला जातो' हे वाक्य दार लोटून घेऊन बोललं जायचं. पण काकांचं रेसबुक बघितलं तर समासभर बारीक अक्षरात गणितं: मागची धाव, वजन, अंतर, जॉकी कोण. इतका अभ्यास बघून आमचा कॅमेरामन भारावला आणि काकांनी सांगितलेल्या सहा नंबरवर पन्नास रुपये लावून आला.

[स्टार्टिंग गेट. लांबून.]

एक घोडा आत जायला तयार नाही. चौघं मागून ढकलतायत. सगळं स्टँड गप्प. गेट उघडतं.

सुरुवातीला काहीच ऐकू येत नाही. पलीकडच्या बाजूने रंगांचा एक पुंजका सरकताना दिसतो, बस. वळणावर तो फुटतो. आणि मग घोडे सरळीत आले की आधी आवाज पायांना कळतो, नंतर कानांना. लोक घोड्याचं नाव घेत नाहीत, नंबर ओरडतात. सहा, सहा, सहा! काका तेवढे ओरडत नाहीत. पेन्सिल दातांत.

फोटो फिनिश.

फिनिशला लावलेला कॅमेरा फक्त त्या एका रेषेवर रोखलेला असतो. रेषेवरून जे जे सरकलं, ते क्रमाने टिपत जातो. नाकाचं अंतरही त्यात दिसतं. दोन-तीन मिनिटं गेली. पाटी लागली. सहा नंबर दुसरा, शॉर्ट हेडने, म्हणजे डोकंभरही नाही इतक्या फरकाने. कॅमेरामनने 'विन' लावला होता, म्हणजे घोडा पहिलाच यायला हवा. काकांनी 'प्लेस', म्हणजे पहिल्या काहींत आला तरी चालतं.

"असं असतं," म्हणाले, आणि पुढच्या रेसचं पान उघडलं.

हरत राहणाऱ्या, थकलेल्या घोड्यांचं पुढे काय होतं, हे आम्ही त्यांना विचारलं. त्याचं एक उत्तर इथून थोड्याच अंतरावर, परळला आहे. घोड्याला थोड्या थोड्या मात्रेत विष टोचत नेलं की त्याच्या रक्तात त्यावरचा उतारा तयार होतो. त्या रक्तातूनच धनुर्वातावरचं सीरम काढतात. पुण्याच्या पूनावालांच्या स्टड फार्मवरचे निवृत्त घोडे असेच परळच्या हाफकिन संस्थेला दिले जायचे. हे काम आपणच का करू नये, या विचारातून सायरस पूनावालांनी १९६६मध्ये कंपनी काढली, सीरम इन्स्टिट्यूट. नावातलं सीरम ते घोड्याचं. कोविडची लस घ्यायला रांगेत उभ्या असलेल्या किती जणांना माहीत असेल की या कंपनीचं मूळ रेसच्या तबेल्यात आहे?

[संध्याकाळ. मैदानावरून दिसणारे टॉवर.]

साडेसहाला हाजीअलीकडून वारा सुटतो. ओहोटी असेल तर वासासकट. ही जागा एके काळी खाजणाची. समुद्राला बांध घातल्यावर वर आलेली. रेस त्याआधी भायखळ्याला व्हायच्या, १८८३मध्ये त्या इथे आल्या. भोवती गिरण्या उभ्या राहिल्या, बंद पडल्या, त्यांच्या जागी काच चढली. आता मैदानाचीही वाटणी झालीय: १२० एकर महापालिकेच्या उद्यानाला, ९१ एकर क्लबकडे. आम्हाला विचाराल तर इतक्या गच्च शहरात उद्यान हवंच. आणि हे स्टँडही राहावं.

सात वाजायला पाच मिनिटं असताना सूर्य बुडाला. शेवटची रेस झाली. पायऱ्यांवर फाटक्या तिकिटांचा सडा. काका हिशोब करत होते. किती, ते आम्ही विचारलं नाही. "आता पुणं," एवढंच म्हणाले. पावसाळ्यात रेस तिकडे असतात. मोसम संपला की घोडे ट्रकमध्ये चढतील आणि घाट चढून जातील. काका एसटीने.

[तबेल्याकडची वाट. दिवे लागलेत.]

शेवटच्या रेसचा घोडा अजून चालतोय. धावून आलेल्या जनावराला लगेच बांधून ठेवत नाहीत, श्वास खाली येईपर्यंत फिरवतात. सईस पुढे, घोडा मागे, दोघांचीही मान खाली. सईसच्या खांद्यावर ओला टॉवेल. तो थांबला, टॉवेल पिळला, घोड्याचं नाक पुसलं, आणि त्याच टॉवेलने स्वतःचं तोंड.

घोडा जिंकला का, असं आम्ही विचारलं.

"पाचवा," तो म्हणाला. "पण आज पाणी नीट प्यायला."