बिघाड एकीकडे, लक्षण दुसरीकडे

[दृश्य: चार्जरला जोडलेली इलेक्ट्रिक गाडी. आतला पडदा काळा.]

मोठी बॅटरी ८० टक्के भरलेली आहे. केबल नीट बसलेली आहे. तरीही दार उघडत नाही, पडदा उजळत नाही, गाडी हलायचं नाव घेत नाही. अशा वेळी पहिला संशय मोठ्या बॅटरीवर जातो, आणि बहुतेक वेळा तो चुकीचा असतो. आधी तपासायची असते ती १२ व्होल्टची छोटी बॅटरी.

मोठ्या बॅटरीच्या पेटीत कॉन्टॅक्टर नावाचे दणकट रिले, म्हणजे विजेवर चालणारे स्विच, असतात. गाडी बंद असताना ते उघडे असतात, त्यामुळे ४०० किंवा ८०० व्होल्टचा दाब पेटीबाहेर येत नाही. ही सुरक्षेची सोय आहे. पण ते रिले ओढून धरणारी कॉइल १२ व्होल्टवर चालते. दाराची इलेक्ट्रॉनिक कुलपं, पडदा, सगळे कंट्रोलर (गाडीतले एकेक भाग सांभाळणारे छोटे संगणक) हेही त्याच १२ व्होल्टवर. छोटी बॅटरी बसली, म्हणजे उतरून गेली, की मोठी बॅटरी भरलेली असूनही गाडीला तिचा काही उपयोग नाही.

मग ती छोटी बॅटरी बसते कशी? पुष्कळदा याचं कारण सॉफ्टवेअरमध्ये असतं.

[दृश्य: बॉनेटखाली १२ व्होल्टची बॅटरी. ऋण टोकाच्या तारेभोवती क्लॅम्प मीटर.]

गाडी कुलूप लावून सोडली की काही वेळाने तिचे सगळे कंट्रोलर झोपी जायला हवेत. झोपलेली गाडी जेमतेम काही दशक मिलिअँपिअर, म्हणजे वीस-तीसच्या घरात, खाते. ४५ अँपिअर-अवरची बॅटरी आणि ३० मिलिअँपिअरचा खप धरला तर कागदावरचा हिशेब १,५०० तासांचा होतो, म्हणजे दोन महिने. आता समजा, एका कंट्रोलरच्या प्रोग्राममध्ये चूक राहिली आणि तो नेटवर्कवर संदेश पाठवायचं थांबलाच नाही. संदेश येत राहिले की त्या नेटवर्कवरचे बाकीचे कंट्रोलरही जागे राहतात. खप ३ अँपिअरवर गेला तर तीच बॅटरी १५ तासांत रिकामी. प्रत्यक्षात त्याआधीच, कारण व्होल्टेज बरंच खाली आलं की बॅटरीत जीव असूनही कंट्रोलर चालेनासे होतात. अनेक गाड्या मधूनमधून स्वतः जाग्या होऊन मोठ्या बॅटरीतून छोटी भरून घेतात. पण चूक नेमकी त्याच प्रोग्राममध्ये असेल तर तो आधारही जातो.

हे पकडायची रीत सोपी आहे, धीर मात्र लागतो. मिलिअँपिअर मोजणारा डीसी क्लॅम्प मीटर १२ व्होल्ट बॅटरीच्या ऋण टोकाकडच्या सगळ्या तारांभोवती लावायचा. बॉनेट उघडं असेल तर गाडी झोपत नाही, म्हणून बॉनेटचा खटका स्क्रूड्रायव्हरने बंद स्थितीत ढकलायचा; मोजणी झाल्यावर तो पुन्हा उघडायला विसरायचं नाही. गाडी कुलूपबंद करून चावी दूर ठेवायची, मोबाइलमधलं गाडीचं अ‍ॅप बंद करायचं आणि अर्धा-पाऊण तास थांबायचं. आकडा टप्प्याटप्प्याने खाली यायला हवा. तो काही अँपिअरवरच अडून राहिला, किंवा दर काही मिनिटांनी उसळत राहिला, तर कोणीतरी जागं आहे. अ‍ॅप बंद करायला सांगण्याचं कारण असं की काही बाहेरची अ‍ॅप सतत गाडीची स्थिती विचारत राहतात आणि तिला झोपू देत नाहीत. निदानाच्या सॉकेटमध्ये (मेकॅनिक गाडीची माहिती वाचायला यंत्र जोडतो ती जागा) कायमचा खोचलेला डोंगलही हेच करू शकतो. आधी तो काढायचा, मग गाडीला दोष द्यायचा. नारिंगी तारांना हात लावायचा नाही. त्या उच्च दाबाच्या असतात.

इथे गाडी दुरुस्त करणाऱ्यांचीही फसगत होते. बॅटरी बसली म्हणून नवी बॅटरी घातली जाते, दोष तसाच राहतो, आणि काही दिवसांत नवी बॅटरीही बसते. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी.

[दृश्य: आयोनिक ५च्या डॅशबोर्डवर वीजप्रणालीचा इशारा.]

याच १२ व्होल्टच्या भोवती फिरणारं एक मोठं प्रकरण म्हणजे ह्युंदाईच्या आयसीसीयूचं. हा एकच भाग दोन कामं करतो: मोठी बॅटरी चार्ज करणं आणि मोठ्या बॅटरीतून १२ व्होल्टची बॅटरी भरत ठेवणं. मार्च २०२४ मध्ये ह्युंदाईने अमेरिकेत आयोनिक ५, आयोनिक ६ आणि जेनेसिसच्या मिळून सुमारे ९९ हजार गाड्या परत बोलावल्या. व्होल्टेजच्या उसळीने आणि पुन्हापुन्हा तापण्या-निवण्याने आयसीसीयूतले ट्रान्झिस्टर खराब होत होते. तसं झालं की १२ व्होल्टची बॅटरी भरणं थांबायचं, इशारा यायचा आणि चालत्या गाडीची ताकद कमी होत जायची. उपाय होता नवं सॉफ्टवेअर, आणि भाग बिघडलेला असेल तर आयसीसीयू व फ्यूज बदलणं. नोव्हेंबर २०२४ मध्ये पुन्हा मोहीम निघाली, या वेळी सुमारे १ लाख ४५ हजार गाड्यांसाठी, आणि आधी दुरुस्त झालेल्या गाड्याही तीत आल्या. सॉफ्टवेअर ट्रान्झिस्टरवरचा ताण कमी करू शकतं. जळालेला ट्रान्झिस्टर ते परत आणू शकत नाही.

शेव्हरोले बोल्टमध्येही हेच दिसलं. काही सेलमध्ये फाटलेला अ‍ॅनोड टॅब (ऋण टोकाची जोडपट्टी) आणि दुमडलेला सेपरेटर (दोन्ही टोकांना वेगळं ठेवणारा पातळ थर) असे दोन दोष एकत्र येत होते आणि आग लागत होती. कंपनीने आधी सॉफ्टवेअरने चार्जिंगवर मर्यादा घातली. धोका कमी करायला ते योग्यच होतं. पण फाटलेला टॅब प्रोग्रामने शिवता येत नाही. शेवटी बॅटरी मॉड्यूल बदलावी लागली.

[दृश्य: सर्किट बोर्डवरची मेमरी चिप, अगदी जवळून.]

उलटा प्रकारही घडतो. सुटा भाग धडधाकट असतो आणि सॉफ्टवेअर त्याला झिजवतं. टेस्लाच्या जुन्या मॉडेल एस आणि मॉडेल एक्समध्ये मधल्या पडद्यामागच्या संगणकावर ८ गीगाबाइटची ईएमएमसी मेमरी (बोर्डवर पक्की बसवलेली साठवणुकीची चिप) होती. अशा मेमरीचा प्रत्येक कप्पा मोजक्या वेळाच पुसून लिहिता येतो. या चिपसाठी तो आकडा ३,००० होता. गाडी स्वतःच्या कारभाराच्या नोंदी तिच्यावर सतत लिहीत होती. दिवसाला प्रत्येक कप्पा सरासरी १.४ वेळा लिहिला गेला तर ३,००० वेळा व्हायला साधारण २,१४० दिवस लागतात, म्हणजे पाच ते सहा वर्षं. गाडी त्याहून कितीतरी जास्त चालायची असते. मेमरी संपली की पडदा बंद, आणि पडद्याबरोबर मागचा कॅमेरा आणि काच स्वच्छ करणाऱ्या हवेचं नियंत्रणही. फेब्रुवारी २०२१ मध्ये अमेरिकेत सुमारे १ लाख ३५ हजार गाड्या परत बोलावल्या गेल्या आणि ६४ गीगाबाइटची मेमरी बसवण्यात आली. नोंदी लिहिणाऱ्या प्रोग्रामचा आणि मागच्या कॅमेऱ्याचा संबंध आहे, हे पडदा काळा होईपर्यंत कोणाच्या ध्यानातही येणार नाही.

[दृश्य: मोबाइल टॉवर, मग रस्त्याकडेला उभी गाडी.]

आता अपडेट हवेतून गाडीत येतं कसं ते पाहू. कंपनीच्या सर्व्हरवरून फाइल मोबाइल नेटवर्कने किंवा वायफायने गाडीत उतरते. हे चालू असताना गाडी चालवता येते. फाइलवर कंपनीची डिजिटल सही असते. सही जुळली नाही तर गाडीने ती फाइल नाकारायची, हा पहिला दरवाजा. मग गेटवे नावाचा कंट्रोलर ती ज्याची त्याला पोचवतो: बॅटरीच्या कंट्रोलरला, मोटरच्या, ब्रेकच्या, पडद्याच्या.

मोठ्या संगणकांमध्ये प्रोग्रामसाठी दोन जागा असतात. एकीवर गाडी चालू असते, दुसरीवर नवं उतरवलं जातं, आणि ते तपासून झाल्यावर गाडी दुसरीवरून सुरू होते. काही चुकलं तर पहिली जागा शाबूत असते. लहान कंट्रोलरमध्ये बहुधा एकच जागा असते. तिथे जुनं पुसूनच नवं लिहावं लागतं, आणि मध्येच वीज गेली तर त्याच्याकडे फक्त बूटलोडर, म्हणजे प्रोग्राम लिहून घेणारा छोटा मूळ प्रोग्राम, उरतो, पुन्हा लिहून घ्यायची वाट पाहत. अपडेटच्या वेळी १२ व्होल्टची बॅटरी सशक्त हवी ती यासाठी.

या कामाला वेळ का लागतो, तेही आकड्यांत पाहू. कंट्रोलरना एकमेकांशी जोडणाऱ्या तारांच्या नेटवर्कला कॅन बस म्हणतात. साध्या कॅन बसचा प्रचलित वेग सेकंदाला ५०० किलोबिट. एका संदेशात माहिती जास्तीत जास्त ८ बाइट. बाकी जागा ओळख क्रमांक आणि तपासणीच्या बिटांत जाते. हातात उरतात सेकंदाला साधारण ३० किलोबाइट. ४ मेगाबाइटचा प्रोग्राम पोचायला सव्वादोन मिनिटं, २० मेगाबाइटचा असेल तर अकरा मिनिटांहून जास्त. पुसणं, लिहिणं आणि पडताळणं वेगळं. असे सात-आठ कंट्रोलर एकामागून एक घेतले की पडद्यावर दिसणाऱ्या मिनिटांचा उलगडा होतो.

आणि सगळे कंट्रोलर एकमेकांशी जुळणाऱ्या आवृत्तीवर असावे लागतात. सातांवर नवं चढलं, आठव्यावर नाही, तर तो आठवा असा संदेश पाठवेल जो बाकीच्यांना कळणार नाही. मग पडद्यावर इशारा येतो तो भलत्याच भागाचा.

नोव्हेंबर २०२३ मध्ये रिव्हियन या अमेरिकी इलेक्ट्रिक गाड्यांच्या कंपनीच्या २०२३.४२ या अपडेटने काही गाड्यांचे पडदे निकामी झाले. गाड्या चालत होत्या, पण वेग आणि चार्ज पडद्यावर दिसेना. कंपनीच्या सॉफ्टवेअर प्रमुखांनी जाहीरपणे सांगितलं की चुकीची सुरक्षा प्रमाणपत्रं असलेली फाइल पाठवली गेली होती. प्रोग्राम लिहिण्यात नव्हे, तो पाठवण्यात चूक झाली होती. मोहीम लगेच थांबवली गेली. अपडेट आधी थोड्या गाड्यांना, मग जास्त, मग सगळ्यांना पाठवतात ते यासाठीच. शेजारच्या गाडीला मिळालं, आपल्याला नाही, म्हणून नाराज व्हायचं कारण नाही.

हवेतून होणारी दुरुस्ती कामाची आहे, यात शंका नाही. २०१८ मध्ये कन्झ्युमर रिपोर्ट्स या अमेरिकी ग्राहक संस्थेच्या चाचणीत टेस्ला मॉडेल ३ला ताशी ६० मैलांवरून थांबायला १५२ फूट लागले. एबीएसच्या प्रोग्राममध्ये हवेतून बदल झाल्यावर १३३ फूट. जवळजवळ सहा मीटरचा फरक, आणि एकही पाना न लावता. फेब्रुवारी २०२४ मध्ये टेस्लाने अमेरिकेत सुमारे २२ लाख गाड्या ‘परत बोलावल्या’, कारण ब्रेक, पार्क आणि एबीएसच्या इशाऱ्यांची अक्षरं ३.२ मिलिमीटरपेक्षा लहान होती. तीही हवेतूनच मोठी झाली. पण जे ब्रेक एका फाइलने सुधारतात, ते एका फाइलने बिघडूही शकतात, म्हणून पडताळणीत काटकसर नको.

युरोपीय संघात यासाठी संयुक्त राष्ट्रांचा नियम १५६ लागू आहे: नव्या मॉडेलना जुलै २०२२ पासून, सगळ्या नव्या गाड्यांना जुलै २०२४ पासून. अपडेट फसलं तर गाडी जुन्या आवृत्तीवर किंवा सुरक्षित स्थितीत यायला हवी, सुरू करण्याआधी पुरेशी वीज आहे याची खात्री व्हायला हवी, आणि मालकाला त्याची माहिती द्यायला हवी, असं त्यात आहे. माहितीच्या बाबतीत मात्र अनेक कंपन्या हात आखडता घेतात. ‘किरकोळ सुधारणा’ एवढ्यावर भागवणं बरोबर नाही. ब्रेकचा, चार्जिंगचा किंवा बॅटरीचा कंट्रोलर बदलला असेल तर तसं स्पष्ट लिहिलंच पाहिजे.

[दृश्य: पडद्यावर ‘आता इन्स्टॉल करा’चं बटण.]

बटण दाबण्याआधी सध्याच्या आवृत्तीचा फोटो काढून ठेवा. पुढचे दोन तास गाडी लागणार नसेल तेव्हाच सुरू करा. तळघरातल्या पार्किंगमध्ये नको, तिथे सिग्नल तुटतो. निदानाच्या सॉकेटमधला डोंगल काढा. चार्जिंग चालू ठेवायचं की थांबवायचं हे गाडीगणिक वेगळं आहे. पडद्यावरची सूचना पाळा. काम चालू असताना १२ व्होल्टचं टोक काढायचं नाही, कितीही वेळ लागला तरी. अडकलंय असं वाटलं तर कुलूप लावून दूर जा, गाडीला झोपू द्या, तासाभराने परत या. पडदा रीस्टार्ट करणं हा पुढचा उपाय, पण त्याने फक्त पडद्याचा संगणक नव्याने सुरू होतो. बॅटरीचा किंवा ब्रेकचा कंट्रोलर नाही.

झाल्यावर मागचा कॅमेरा पाहा. चार्जची मर्यादा, चार्जिंगची वेळ, रीजनची (वेग कमी होताना वीज बॅटरीत परत घेण्याची) पातळी आणि चालक-साहाय्याच्या सेटिंग कधीकधी मूळ स्थितीत परततात, त्या तपासा. मोकळ्या जागी कमी वेगात ब्रेक दाबून पाहा.

अपडेटनंतर पल्ला अचानक कमी दिसला तर लगेच घाबरू नका. एलएफपी (लिथियम आयर्न फॉस्फेट) सेलचं व्होल्टेज मधल्या बऱ्याच टप्प्यात ३.२ ते ३.३ व्होल्टच्या आसपास जवळजवळ सपाट राहतं, त्यामुळे कंट्रोलरला टक्केवारी आत-बाहेर गेलेला प्रवाह मोजून काढावी लागते, आणि त्या मोजणीतली लहान चूक साठत जाते. कंपनीने सांगितल्याप्रमाणे एकदा १०० टक्के भरा. वरच्या टोकाला व्होल्टेज चढतं आणि हिशेब जागेवर येतो. तरीही फरक राहिला तर सर्व्हिस सेंटर.

तिथे जाताना ‘गाडी विचित्र वागते’ एवढं सांगून भागत नाही. आवृत्ती क्रमांक, तारीख, मिनिटापर्यंतची वेळ, चार्जची टक्केवारी, बाहेरचं तापमान, आणि आधीच्या दहा मिनिटांत काय केलं होतं: जलद चार्जिंग, लांबचा चढ, धुतलेली गाडी. तंत्रज्ञ ही वेळ नोंदींशी ताडून पाहतो. या नोंदींची जागा ठरावीक असते आणि ती भरली की जुन्यावर नवी लिहिली जाते. म्हणून बिघाड झाला त्याच दिवशी फोन करून नोंदी काढून ठेवायला सांगा, गाडी दाखवायची तारीख पुढच्या आठवड्यातली मिळाली तरी.