‘कारणे द्या’मध्ये फोनला भोपळा

नमस्कार मंडळी!

परवा साताऱ्याहून एसटीने पुण्याला येत होतो. खिडकीची जागा मिळालेली, वारं लागत होतं, खंबाटकीचा बोगदा यायच्या आत माझा डोळा लागला. तेवढ्यात आईचा मेसेज आला, ‘बस कुठवर आली?’ आणि माझ्या फोनने मला न विचारता तिला उत्तर धाडलं, ‘मी सध्या गाडी चालवत आहे.’ आता मला सायकलच्या पुढे काही चालवता येत नाही, हे आईपेक्षा जास्त कोणाला माहीत असणार?

फोनने काय पाहिलं? वेग पाहिला, गाडीची थरथर पाहिली आणि ठरवलं की हा ड्रायव्हर. बसमधल्या चाळीसेक माणसांपैकी नेमका मीच!

शाळेत ‘संदर्भासहित स्पष्टीकरण’ असायचं, आठवतं? कोण म्हणालं, कोणाला म्हणालं, केव्हा म्हणालं. यंत्राला हाच संदर्भ कसा कळेल, यावर तीस वर्षांहून जास्त काळ संशोधन चाललंय. त्याची सुरुवात एका बिल्ल्यापासून झाली.

(हातातला चौकोनी पुठ्ठा कॅमेऱ्यासमोर धरत)

हा मी कापलेला पुठ्ठा. साडेपाच सेंटिमीटर लांब, तेवढाच रुंद. इंग्लंडमधल्या केंब्रिजला ऑलिव्हेटी कंपनीची संशोधन प्रयोगशाळा होती. तिथे १९८९ ते १९९२ या काळात रॉय वाँट, अँडी हॉपर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘ॲक्टिव्ह बॅज’ बनवला. वजन ४० ग्रॅम. शर्टाला लावायचा आणि विसरून जायचं. दर १५ सेकंदांनी तो इन्फ्रारेड प्रकाशात आपला नंबर एकदा ओरडायचा, तोही सेकंदाचा दहावा भाग. म्हणजे आपल्या टीव्हीच्या रिमोटसारखाच, फक्त बटण न दाबता चालणारा. खोलीतला सेन्सर तो नंबर ऐकायचा आणि कॉम्प्युटरला कळवायचा.

इथली मला सगळ्यात आवडलेली गोष्ट सांगतो. इन्फ्रारेड भिंतीतून जात नाही. रेडिओ जातो. कोणीही म्हणेल, मग रेडिओच बरा की! पण सिग्नल भिंत ओलांडत नाही, म्हणूनच या खोलीतल्या सेन्सरने नंबर ऐकला की माणूस याच खोलीत आहे हे पक्कं. भिंतीची अडचण नव्हे, भिंतीचा उपयोग. आणि १५ सेकंद कशासाठी? एक तर बॅटरी टिकते. दुसरं, दोन बिल्ले एकाच क्षणी ओरडून गोंधळ व्हायची शक्यता अगदी कमी होते.

हा सगळा खटाटोप फोनसाठी होता. मोबाईल खिशात यायच्या आधीचे दिवस. बाहेरून फोन आला की ऑपरेटर बाई पडद्यावर बघायच्या, साहेब कोणत्या खोलीत आहेत, तिथलं एक्स्टेन्शन काय, आणि कॉल तिकडे जोडून द्यायच्या.

त्या पडद्यावरचा तक्ता बघण्यासारखा होता. माणूस सारखा फिरत असेल तर खोलीच्या नावापुढे टक्केवारी यायची, म्हणजे ‘इथे असेल, पण खात्री एवढीच’. काही मिनिटं दिसला नाही तर शेवटचा कधी दिसला ती वेळ. कालपासून गायब असेल तर नुसता वार, ‘सोमवार’. आठवडा उलटला की ‘बाहेर’. यंत्र आपल्याला काय माहीत नाही ते उघड सांगत होतं!

आता तुमच्या मनात आलंच असेल, ही तर पाळत झाली. खरंय. त्यात एक कमांड अशी होती की अमुक माणूस गेल्या तासाभरात कुठे कुठे होता ते सांगायची. कोण कोणासोबत आहे, हे सांगणारी वेगळी. संशोधकांनी आपल्या निबंधातच खासगीपणाचा प्रश्न मांडला होता. शिवाय यंत्र शोधायचं बिल्ल्याला, माणसाला नाही. बिल्ला टेबलावर ठेवून चहाला गेलात की कॉम्प्युटरच्या लेखी तुम्ही जागेवरच!

पुढे वाँट अमेरिकेत झेरॉक्सच्या पार्क प्रयोगशाळेत गेले. तिथे मार्क वायझर सांगत होते की कॉम्प्युटर टेबलावरून उठून आजूबाजूच्या वस्तूंत विरून गेला पाहिजे. तिथल्याच कामातून १९९४ मध्ये बिल शिलिट, नॉर्मन ॲडम्स आणि वाँट यांनी संदर्भाचे तीन मुद्दे मांडले. तुम्ही कुठे आहात, कोणासोबत आहात, जवळ कोणती साधनं आहेत. २००१ मध्ये संगणक संशोधक अनिंद डे यांनी व्याख्या आणखी रुंद केली. माणूस, जागा किंवा वस्तू यांची परिस्थिती ओळखायला जी उपयोगी पडेल ती कुठलीही माहिती म्हणजे संदर्भ. व्याख्या चुकीची नाही, पण त्यात काय बसत नाही ते सांगा!

इकडे केंब्रिजवाले अचूकतेच्या मागे लागले. त्यांचं पुढचं यंत्र ‘बॅट’, म्हणजे वटवाघूळ. वीज चमकल्यावर गडगडाटापर्यंतचे सेकंद मोजून ती किती लांब पडली ते आपण ठरवतो ना, तोच हिशोब. गळ्यातलं यंत्र आपल्याला ऐकू न येणारा आवाज करायचं, छतातले सेन्सर तो पोचायला लागलेला वेळ मोजायचे, आणि माणूस कुठे आहे ते साधारण ३ सेंटिमीटरच्या फरकाने कळायचं.

तीन सेंटिमीटर! म्हणजे कोण, कुठे, केव्हा या प्रश्नांना पैकीच्या पैकी मार्क. पण शाळेत आणखी एक प्रश्न असायचा, ‘कारणे द्या’. हा माणूस खिडकीशी का उभा आहे? कोणाची वाट बघतोय, की नुसता पाऊस बघतोय? सेन्सर वाढवून याचं उत्तर मिळत नाही.

म्हणून हल्लीच्या फोनमध्ये एक छोटी सोय असते. ‘हा गाडी चालवतोय’ असं समजून फोन स्वतःहून गप्प बसला तरी पडद्यावर एक बटण देतो, ‘मी गाडी चालवत नाही’. मला त्या बटणात केंब्रिजचा तो टक्केवारीवाला तक्ता दिसतो. फोन म्हणतो, मला असं वाटतंय बुवा, खरं काय ते तू सांग.

माझ्याही फोनवर ते बटण आलं होतं. पण मी गाढ झोपलो होतो, आणि तेही त्याला कळलं नव्हतं.